साणेगुड्ड्यावरचा कुरुंद

संताजी अण्णांना कुरुंदाचा दगड हवा होता. बाजारात मिळतो तो नव्हे. त्यांच्या आजोबांनी ज्या डोंगरावरून बैलगाडीत घालून आणला, त्याच डोंगरावरचा. तो आणायचा, कुटायचा आणि त्याची एक साण स्वतःच्या हाताने थापायची, एवढ्यासाठी ऐन मार्चच्या उन्हात तीन माणसं जंगलात शिरली. तिघांच्या वयाची बेरीज पावणेदोनशेला एक कमी होती.

अण्णांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. तलवारींना धार लावता लावता राज्यं गेली, तलवारी गेल्या, आणि धार लावणं तेवढं उरलं. जयनगरातल्या त्यांच्या दुकानात शिंप्यांच्या कात्र्या यायच्या, न्हाव्यांचे वस्तरे यायचे, फुलवाल्यांच्या सुऱ्या यायच्या. धार लागायची ती आजोबांनी केलेल्या साणेवर. कुरुंदाची पूड लाखेत कालवून थापलेलं ते जड चाक. अशी तीन चाकं होती. त्यांतलं शेवटचं झिजून बशीएवढं झालं होतं. आणि पुतण्या गिरीराज दुकान मागत होता. त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला होता, काका, तुमच्या आजोबांचा दगड सापडला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही सापडला तर युगादीला किल्ल्या द्या.

युगादीला, म्हणजे पाडव्याला, बारा दिवस उरले होते.

अण्णांकडे त्या डोंगराचं नाव होतं, साणेगुड्डा. गाव माहीत होतं, हुणसेदोड्डी. आजोबांच्या वेळचा अंगठ्याएवढा एक दगडही होता. तो घेऊन ते जे. पी. नगरात विद्याच्या दारात उभे राहिले. त्यांची भाची सौम्या विद्याच्या खालच्या मजल्यावर राहायची. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जन्मभर कठीणपणा मोजण्याचंच काम केलं, हे तिनेच त्यांना सांगितलं होतं.

ते खरंच होतं. विद्या तेहतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. यंत्रात पोलादाचा तुकडा ठेवायचा, हिऱ्याचं बारीक टोक त्यावर ठरावीक भाराने दाबायचं आणि पडलेला खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खड्डा जितका लहान, तितका धातू कठीण. आकडा लिहायचा, सही करायची, पुढचा तुकडा घ्यायचा. डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि तेव्हापासून दमलेली होती. घरात काम फारसं नव्हतं. पण तेहतीस वर्षांचा थकवा जणू दाराबाहेर रांगेत उभा राहिला होता आणि आता एकेक करून आत येत होता.

तिने कपाटातून दगडांची जुनी पेटी काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर अण्णांना सगळं करून दाखवलं. नियम साधा होता: जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो जास्त कठीण. सगळ्यात मऊ शंखजिऱ्याचा दगड, त्यावर नखानेही रेघ उठते. त्याच्या वर नखाला दाद न देणारे, पण तांब्याच्या पैशाने ओरखडले जाणारे. मग सुरीच्या टोकाने कुरतडता येणारे. मग काच कापणारी, सातव्या क्रमांकाची गारगोटी. आठवा पुष्कराज. नववा कुरुंद, माणिक आणि नीलम ही त्याचीच देखणी भावंडं. आणि सगळ्यांच्या वर हिरा. अण्णांचा तपकिरी, सहा पैलूंचा ओबडधोबड दगड तिने पुष्कराजावर ओढला. पुष्कराजावर रेघ उमटली. बोट फिरवून पाहिलं तरी ती पुसली गेली नाही.

अण्णांनी मान हलवली. नवल त्यांना वाटलंच नाही. ते म्हणाले, डोंगरावर लाल-तपकिरी दगड शंभर असतील, माझी नजर आता तशी राहिली नाही, खरा कोणता हे सांगायला तुम्ही याल का? विद्या हो म्हणून गेली. तिच्या नवऱ्याने, उपेंद्रने, रात्री जेवताना तिच्या गुडघ्यांची आठवण करून दिली. तिने भाताचा पुढचा घास घेतला.

हुणसेदोड्डीहून सकाळी सहाला निघाले तेव्हा हवेत गारवा होता. वाट दाखवायला शिवकुमार होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, काटक, शेळ्या राखणारा माणूस. त्याच्या आजोबांनीच म्हणे त्या काळी गाड्या पुरवल्या होत्या. साणेगुड्डा गावाच्या गायरानात येत होता आणि पंचायतीचं पत्रही खिशात होतं, पण तिन्ही बाजूंनी जंगल होतं. शिवकुमारने निघतानाच कन्नडमध्ये बजावलं: चारच्या सुमाराला हत्ती डोंगराखालच्या डोहावर उतरतात. त्याआधी आपण परत फिरलेलं असायचं.

पहिले दोन तास बरे गेले. बांबूची बेटं, वाळक्या पानांचा आवाज, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा उभा. मग वाट संपली. घाणेरीने ती गिळून टाकली होती! डोक्याच्या वर गेलेली, काट्यांची, एकमेकींत गुंतलेली झुडपं. शिवकुमारने कोयता चालवला, पण अर्ध्या तासात पन्नास पावलंही पुढे सरकता येईना. मग खडकांवरून वळसा घेतला. ग्रॅनाइटच्या उघड्या पाठी, नऊ वाजताच तव्यासारख्या तापलेल्या. विद्या हात टेकायची आणि झटक्यात उचलायची. एका कपारीपाशी शिवकुमारने दोघांना हाताने थांबवलं. आतून ओल्या घोंगडीसारखा वास येत होता. अस्वल! तिघं श्वास रोखून, पाठ न दाखवता, आडव्या पावलांनी मागे सरकले आणि आणखी एक टेकाड चढून गेले. त्या वळशाने दीड तास खाल्ला आणि निम्मं पाणी.

साडेदहाला साणेगुड्ड्याची घळ दिसली. डोंगराच्या कुशीत पाण्याने कापलेली, आता कोरडी. डाव्या अंगाला ग्रॅनाइटची पायरी-पायरीची भिंत होती. उजव्या अंगाला आणि तळाशी हिरवट राखाडी, साबणासारखा गुळगुळीत दगड. विद्याने त्यावर नख ओढलं. पांढरी रेघ उठली आणि बोटाला पावडर लागली.

"बळपाचा कल्लु," अण्णा म्हणाले. लहानपणी पाटीवर ते अशाच दगडाच्या पेन्सिलीने लिहायचे.

दोन दगड जिथे भेटत होते तिथे काळ्या अभ्रकाची वीतभर जाड पट्टी होती, पानापानांनी सुटणारी. आणि त्या काळ्या पट्टीत, पिठात खारका रोवाव्यात तसे, तपकिरी-लाल, मधे फुगीर, सहा पैलूंचे दगड बसलेले होते.

विद्या गुडघ्यांवर बसली. पहिला उपटला, पिशवीतल्या गारगोटीवर ओढला. रेघ! पुष्कराजाच्या तुकड्यावर ओढला. रेघ! दुसरा, तिसरा. तेहतीस वर्षांत तिच्यासमोर आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी कापून, घासून, क्रमांक घालून आणलेली असायची. हे दगड जमिनीने जसे केले तसेच तिच्या हातात येत होते. ती किती वेळ हसत होती हे तिचं तिलाच कळलं नाही.

अण्णा मात्र हसले नाहीत. ते पट्टीपाशी मांडी घालून बसले आणि खणू लागले. बारापर्यंत वीसेक दगड कापडी पिशवीत जमले. त्यांच्या मागे, उतारावर, रिक्षाएवढा एक ग्रॅनाइटचा धोंडा त्याच काळ्या पट्टीच्या मातीवर टेकून उभा होता. किती वर्षं उभा होता कोण जाणे. शिवकुमार म्हणाला, आता निघू. अण्णा म्हणाले, स्वल्प थांब, हा एक मोठा निघतोय.

तो मोठा निघाला. मुठीपेक्षा जाड. आणि त्याच्यामागून माती भुरूभुरू वाहू लागली.

"अण्णा, उठा!" विद्या ओरडली.

धोंडा सरकला. फार नाही, दोन वीत. पण आवाज असा झाला की घळीतले सगळे पक्षी एकदम उडाले. धुरळा बसला तेव्हा अण्णा उताणे पडले होते आणि त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत धोंड्याखाली होता. पाण्याच्या दोन बाटल्या, छिन्नी आणि डब्याची पिशवी धोंड्याने पार चिरडली होती. उरली होती एक लिटरची एक बाटली, तीही अर्धी.

शिवकुमारने आणि तिने खांदा लावला. पुन्हा लावला. धोंडा हलला नाही. वाळकं लाकूड घालून उचकटायला गेले तर लाकूड मोडलं. फोनला रेंज नव्हती. शिवकुमार धोंड्याकडे पाहत उभा राहिला आणि मग म्हणाला, मी गावातून माणसं आणतो, बाज आणतो, पण धावत गेलो तरी साडेपाचच्या आत काही परत येत नाही. विद्याने त्याला दोन घोट पाणी प्यायला लावलं. तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला आणि मग तोही थांबला.

अण्णा शुद्धीवर होते. पाय तुटल्यासारखा वाटत नाही, म्हणाले, पण बोटं कळत नाहीत. विद्याने धोंड्याभोवती आडवं पडून नीट पाहिलं. एका बाजूने तो ग्रॅनाइटच्या पायरीवर झुकला होता, पण टेकला नव्हता. मधे बोट जाईल एवढी फट होती. दुसऱ्या बाजूने त्याचा भार मऊ दगडाच्या तळावर आणि अण्णांच्या बुटावर होता. तिने फटीजवळ पेन्सिलीने खूण केली. अर्ध्या तासाने पाहिलं. खूण झाकली गेली होती. धोंडा स्वतःच्या भाराने त्या साबणी दगडात रुतत होता! साडेपाचपर्यंत थांबलं तर माणसं येतील, पण पाय राहणार नाही.

ती क्षणभर तशीच बसून राहिली. उठावंसं वाटेना. गुडघे ठणकत होते, तोंडात धूळ होती. आपल्यापेक्षा जवान, आपल्यापेक्षा ताकदीचं कुणीतरी इथे असायला हवं होतं, असं तिला वाटलं. मग तिने तळाच्या दगडावर पुन्हा एकदा नख ओढलं. रेघ उठली. धोंडा उचलता येणार नव्हता, पण खालचा दगड खरवडता येणार होता. पायाखालची जमीनच काढून घ्यायची.

हातोडी फिरवायला तिथे जागा नव्हती. तिने खिशातली सुरी उघडली आणि बुटाच्या खालून खरवडायला सुरुवात केली. पांढरा भुगा पडू लागला. ती पोटावर पडून खरवडायची, भुगा हाताने ओढायची, पुन्हा खरवडायची. दहा मिनिटं काम, दोन मिनिटं डोकं हातावर. एक वाजला. दीड वाजला. टाचेखाली वीतभर लांब खाच झाली. मग सुरी अडखळली. दगडात हिरव्या, सुयांसारख्या धाग्यांचा एक गठ्ठा होता. सुरी त्यावरून नुसती घसरत होती. विद्याने जोर लावला. कट्! पातं अर्ध्यात मोडलं.

तिने अण्णांच्या पिशवीतून एक कुरुंद काढला, त्याचं टोक हिरव्या गठ्ठ्यावर धरलं आणि कशीबशी आडवी हातोडी मारली. कुरुंदाचे दोन तुकडे झाले, सुरीने कापल्यासारखे सपाट. दुसरा घेतला. तोही फुटला.

"ठोकू नका अक्का," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "कुरुंद मार सोसत नाही. घासा. फक्त घासा."

विद्याला स्वतःचाच राग आला. ज्याच्यावर ओरखडा उठत नाही ते फुटत नाही असं मुळीच नाही, हे तिने कारखान्यात नव्या पोरांना किती वेळा सांगितलं होतं. कठीण वेगळं, चिवट वेगळं. आणि आज घाईत तीच विसरली होती. तिने फुटलेल्या तुकड्याची धारदार कड गठ्ठ्यावर धरली आणि घासू लागली. हिरवी भुकटी पडली. चिमूटभर. पुन्हा चिमूटभर. अण्णा पडल्या पडल्या सांगत होते: एकाच दिशेने ओढा, परतताना उचला, भुगा साचू देऊ नका. तिने तसं केलं आणि काम दुपटीने सरकू लागलं.

ऊन घळीत सरळ उतरलं. तिने ओढणी दोन काटक्यांवर टाकून अण्णांच्या तोंडावर सावली केली. पाणी झाकणाने मोजून दिलं, त्यांना दोन झाकणं, स्वतःला एक. तिच्या हातांना फोड आले, फुटले, भुग्याने पांढरे झाले. मधूनमधून अण्णा बोलत. आजोबांबद्दल बोलले. पत्नी कौसल्या सकाळी दुकानात चहा घेऊन यायची त्याबद्दल बोलले. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. मग म्हणाले, "खरं सांगू अक्का? दगड सापडला नाही तर बरं, असंच वाटत होतं मला."

विद्याचा हात थांबला.

"पन्नास वर्षं झाली त्या चाकापुढे बसून. दमलो की. पण आपण होऊन किल्ल्या द्यायला तोंड होत नाही. डोंगराने नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो." ते किंचित हसले. "तर मेल्याने पिशवीभर दिला."

विद्याला त्यांना खूप काही सांगावंसं वाटलं. नोकरीची आठवण येते असं ती सगळ्यांना सांगत होती आणि ते खोटं होतं, हेसुद्धा. पण तेवढं बोलायला लागणारा श्वास हाताला लागत होता. ती एवढंच म्हणाली, "मीही दमलेय, अण्णा." आणि घासू लागली.

चारला दहा मिनिटं असताना घळीच्या तोंडाशी फांदी मोडली.

विद्याने मान वळवली. शंभर पावलांवर, झाडांच्या मागून, राखाडी भिंत हलल्यासारखी दिसली. एक हत्तीण. मागे दुसरी. तिच्या पोटाशी लागून पिल्लू! कळप डोहाकडे निघाला होता आणि त्याची वाट घळीच्या तोंडावरून जात होती. विद्याने हातातला कुरुंद अगदी हळू खाली ठेवला. अण्णांचा चेहरा घामाने भिजला होता. पायात पुन्हा जाणीव येत होती आणि तीच सोसवत नव्हती. त्यांनी टोपी दातांत धरली.

पुढची हत्तीण थांबली. सोंड वर केली. वारा घळीत वरून खाली वाहत होता, म्हणजे त्यांचा वास तिच्याकडेच जात होता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. आणि त्याच वेळी अण्णांच्या बुटाखालून बारीक कर्र असा आवाज आला. धोंडा आणखी रुतत होता. थांबून चालणार नव्हतं!

तिने कुरुंद उचलला आणि घासू लागली. हळू. एकाच दिशेने. कापडावर कापड ओढावं इतपतच आवाज. डोळे हत्तिणीवर, हात धोंड्याखाली. हत्तिणीने कान फडफडवले, एक पाऊल घळीत टाकलं, पुन्हा सोंड फिरवली. घासणं चालूच. शेवटी पिल्लू कंटाळून पुढे पळालं, आणि हत्तीण वळून त्याच्यामागे गेली. एकेक करत नऊ हत्ती घळीच्या तोंडावरून गेले. नववा दिसेनासा झाला तेव्हा विद्याला कळलं की आपण रडतो आहोत.

हिरवा गठ्ठा संपला होता. आता टाचेखाली चार बोटं पोकळी होती. पण पुढच्या चवड्याखालचा दगड काढला की धोंड्याचा या बाजूचा आधारच जाणार होता. तो खाली येणार, पायासकट. आधी त्याला दुसरीकडे टेकायला जागा द्यायला हवी होती. मऊ तळावर काहीही ठेवलं तरी ते रुतणार, म्हणून आधार ग्रॅनाइटच्या पायरीवरच हवा, त्या बोटभर फटीत. तिने आजूबाजूचे बारके दगड गोळा करून फटीत बसवले. धोंडा थोडा बसला आणि ते बिस्किटांसारखे चुरले. सगळे वाऱ्यापावसाने कुजलेले, भुसभुशीत होते. तिने चांगले शोधले. जे चांगले होते ते मोठे होते, फटीत जात नव्हते.

ती हात लोंबते सोडून बसली. तेव्हा अण्णांनी कुशीजवळची पिशवी तिच्याकडे सरकवली. आत सतरा कुरुंद उरले होते, तो मोठा सोडून सगळे अंगठ्याएवढे, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळते.

"हे घाल," ते म्हणाले.

"अण्णा, एकदा धोंडा यांच्यावर बसला की काढता येणार नाहीत."

"सरी, बरं. मग नको काढू." इतका वेळ ते तिला अहो-जाहो करत होते. "किल्ल्या गिरीराजला देतो. डोंगराच्या तोंडून वदवून घ्यायला नको, मीच सांगतो. घाल तू."

तिने एकेक दगड निवडला. निमुळतं टोक फटीत, फुगीर अंग आत, जातील तितके आत, शेजारीशेजारी, आणि जोर देऊन बसवले, ठोकले नाहीत. शेवटी तो मोठा उरला. तो पायरीच्या खोबणीत कोपऱ्याला असा बसला, जणू तिथलाच होता. मग ती परत पोटावर पडली आणि चवड्याखालचा शेवटचा दगड घासायला लागली. भुगा पडला. आणखी पडला. धोंडा कुरकुरला. धोंडा अर्धा बोट खाली आला, सतरा कुरुंदांवर टेकला आणि थांबला!

एकही फुटला नाही.

"आता," ती म्हणाली. बुटाची नाडी तिने मोडक्या पात्याने कापली, अण्णांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. बूट अडकून राहिला. पाय आला. सुजलेला, काळानिळा, पण आख्खा. अण्णांनी एकदा मोठ्याने श्वास घेतला आणि त्यांची शुद्ध हरपली.

पाच वाजत होते. डोहाच्या बाजूने अजून पाण्याचे आवाज येत होते. विद्याने शेवटचं पाणी अण्णांच्या तोंडावर शिंपडलं, मोडक्या लाकडाची कामटी करून पाय ओढणीने बांधला आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. खाली जाता येत नव्हतं, म्हणून पुन्हा वर, तापलेल्या खडकांवरून. दहा पावलं आणि विसावा. दहा पावलं आणि विसावा. कपारीपाशी अस्वलाचा वास तसाच होता. दोघांनाही भीती वाटण्याचं त्राण नव्हतं, ते तसेच पुढे गेले. एका वळणावर अण्णा म्हणाले की मला इथे ठेव आणि तू पुढे जा. तिने ऐकून घेतलं आणि पाऊल टाकलं. बोलायचं ते दोघांचं मघाशीच बोलून झालं होतं.

टेकाडाच्या माथ्यावर त्यांना शिवकुमार भेटला. पाच माणसं, एक बाज, दोन घागरी. धोंडा हलवायला आणलेली लोखंडी पहार खांद्यावर तशीच होती. त्याने अण्णांकडे पाहिलं, मग विद्याकडे, मग तिच्या हातांकडे, आणि पहार खाली ठेवून तो मटकन बसला. धोंडा कुणी उचलला, असं त्याने विचारलं. कुणीच नाही, असं अण्णांनी सांगितलं.

रात्री आठच्या सुमाराला सगळे हुणसेदोड्डीत पोहोचले. बाज सरळ टेम्पोत चढवली. अण्णा झोपले होते, तोंड उघडं, चेहऱ्यावर भुग्याचे पांढरे ओघळ. कनकपुऱ्याच्या दवाखान्यात कळवलं होतं. डॉक्टर वाट बघत होते. शिवकुमारच्या बायकोने अंगणातून विद्यासाठी पाण्याचा पेला आणला. विद्याने हात पुढे केला, पण तिची बोटं पेल्याभोवती मिटेनात. दिवसभर धरून धरून ती आकड्यासारखी वाकून बसली होती. ती नुसती पेल्याकडे पाहत राहिली.

ती बाई जवळ सरकली. तिने एक हात विद्याच्या मानेखाली घातला, पेला तिच्या ओठांना लावला, आणि पाणी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.